फांदीबरोबरचं बोलणं

२०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली, त्याच्या आगेमागेची ही गोष्ट. जुन्या गावात, वडाळे तलावापासून थोड्याच अंतरावर, एक बाई राहत होती. घर कौलारू, पुढे ओटी, मागे परस, परसात विहीर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा सकाळच्या लोकलने मुंबईला जाई, रात्री परत येई. आळीतली लहानथोर सगळीच तिला मावशी म्हणत.

मावशीचा हात देता होता. परसात अळू होतं, गवती चहा होता, अनंत होता, कढीपत्त्याच्या बुडाशी दर पावसाळ्यात नवी रोपं उगवत. कुणी काही मागितलं की मावशी हातातलं काम टाकून उठायची आणि परसात जायची. मागितलेली फांदी नाकारू नये, असं तिच्या आईने तिला सांगितलं होतं. ते तिने जन्मभर पाळलं.

एका आषाढात तिचा भाचा आला. तो उटीला बँकेत होता. पुण्याला बदली झाली म्हणून निघाला होता. वाटेत मावशीला भेटायला पनवेलला उतरला. हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या तीन फांद्या होत्या, अंगठ्याएवढ्या जाड, दीड-दोन वीत लांब.

“मी राहायचो त्या घराच्या माळीबाबांनी दिल्यात,” तो म्हणाला. “तुला झाडं आवडतात, म्हणून मागून आणल्या. तिकडे कुंपणाकुंपणाला हे झाड दिसतं. पांढरी फुलं येतात, वितीपेक्षा लांब, आणि सगळी खाली तोंड करून लोंबतात. संध्याकाळी वास सुटतो. इंग्रजीत त्याला एंजल्स ट्रम्पेट म्हणतात. आपल्या धोतऱ्याच्या भावकीतलंच.”

लावायचं कसं ते त्याने नीट सांगितलं. खालचं टोक कोणतं त्याची खूण ठेवायची. शेंड्याची दोन पानं ठेवून बाकीची काढायची. कुंडी सावलीत ठेवायची. माती भुसभुशीत हवी, ओलसर हवी, पण पाणी साचता कामा नये. तेवढ्यात रिक्षा दाराशी आली. चपला पायात सरकवता सरकवता तो म्हणाला, “आणि मावशी, गुराढोरांपासून लांब ठेव हं ते. माळीबाबांनी बरंच काही सांगितलं होतं. फोनवर सांगेन.”

मावशीकडे गुरं नव्हती. ती “बरं” म्हणाली. पुढे फोनवर बाकी सगळं बोलणं झालं, हे राहून गेलं.

तीन फांद्यांच्या तीन तऱ्हा झाल्या. पहिली मावशीने विहिरीजवळच्या जमिनीत लावली. पनवेलचा पाऊस तो. आठ दिवस खळ पडला नाही. नवव्या दिवशी तिने फांदी हलवून पाहिली, तर बुडाशी काळी पडून मऊ झाली होती. मग उरलेल्या दोन तिने कुंड्यांत लावल्या. वाळू आणि नारळाच्या काथ्याचा भुसा निम्मा निम्मा घेतला. खत मुळीच घातलं नाही. नव्या मुळांना ते सोसत नाही हे तिला ठाऊक होतं. कुंड्या वळचणीला ठेवल्या, पागोळ्या चुकवून. दोन-तीन आठवड्यांनी डोळे फुटले, कोवळी पानं उलगडली. एका संध्याकाळी तिने कुंडीच्या तळाच्या भोकातून पांढरं मूळ डोकावताना पाहिलं आणि मुलाला हाक मारून दाखवलं.

दुसरी फांदी शेंड्याला दुभंगलेली होती. तिला गुडघाभर उंचीवरच फुलं आली. तिसरी सरळ दांड्याची होती. ती नुसतीच वाढत राहिली. मोठ्या कुंडीत गेली, मग उंचवटा करून जमिनीत गेली, मावशीच्या डोक्याच्या वर गेली, पण कळी नाही.

“हिला काही येणार नाही,” मुलगा म्हणाला. “काढून टाक.”

मावशीने भाच्याला विचारलं, भाच्याने उटीला माळीबाबांना. निरोप आला: दुभंगाच्या वरून घेतलेली फांदी लवकर फुलते आणि बुटकी राहते. दुभंगाच्या खालून घेतलेलीला आधी आपलं खोड उभं करावं लागतं. ती एकदा दुभंगली की मग प्रत्येक बेचक्यात फूल. मावशी थांबली. दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात खोड पुरुषभर उंचीवर दोन वाटांनी फुटलं, आणि पहिल्याच बेचक्यात हिरवी लांब कळी दिसली.

हे झाड पाण्याचं फार लोभी होतं. चैत्र-वैशाखात दुपारी त्याची मोठमोठी पानं मान टाकत. मावशी आधी घाबरून पुन्हा पुन्हा पाणी घालायची. मग तिच्या लक्षात आलं, माती ओली असली तरी उन्हाच्या वेळी पानं पडतातच, आणि ऊन उतरलं की आपोआप उभी राहतात. म्हणून ती बोट मातीत घालून पाहू लागली. कोरडं लागलं तर पाणी. पंधरा दिवसांनी एकदा शेणखत. पानांच्या मागे पांढरी माशी बसे, उन्हाळ्यात लाल कोळी जाळी धरी. मावशी पानं उलटी करून पाण्याच्या फवाऱ्याने धुवायची, फारच झालं तर कडुलिंबाचं तेल. दुपारचं ऊन आंब्याने अडवलं, सकाळचं मिळत राहिलं, आणि झाडाला ते मानवलं.

त्या वर्षीच्या कोजागिरीला आळीतली माणसं मावशीच्या परसात दूध आटवायला जमली. झाडावर तेव्हा मोजता येणार नाहीत इतकी फुलं होती, एकेक खाली तोंड केलेल्या सनईएवढं. अंधार पडला तसा वास उतरला. पातेल्यातल्या केशराच्या वासावरही त्याने मात केली. मोठे राखी पतंग आले आणि फुलांखाली अधांतरी राहून लांब सोंडेने आतला मध पिऊ लागले. मुलं बोलायची थांबली. दूध थोडं खाली लागलं, पण कुणी तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून लोक फांद्या मागायला लागले. मावशीने कुणाला नाही म्हटलं नाही. लावायचं कसं ते प्रत्येकाला सांगितलं. दुभंगाच्या वरची, खालची, कुठली हवी तेही विचारलं. घेणाऱ्यांनी पुढे दिल्या. झाड आळीतून नवीन पनवेलला गेलं, खांदा कॉलनीत गेलं, कामोठ्याच्या एका गच्चीवर गेलं, गाढी नदी ओलांडून करंजाड्याच्या बाजूला गेलं. लावण्याची रीत बऱ्यापैकी शाबूत गेली, कारण तिच्यावाचून फांदी जगत नव्हती. जे फांदीच्या जगण्याला लागत नव्हतं, ते मावशीच्या दारापासून पुढे निघालंच नव्हतं.

पुढच्या पौषात मावशीने झाडाची छाटणी केली. फांद्या कापल्या, पानं ओरबाडली, हात पदराला पुसले. डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून उजवा डोळा चोळला. रात्री जेवून झोपली.

सकाळी उजव्या डोळ्याला धूसर दिसत होतं. सुईत दोरा जाईना. ओटीवर आली तर उजेड त्या डोळ्यात टोचू लागला. आरशात पाहिलं, तर डाव्या डोळ्याची बाहुली रोजच्यासारखी, आणि उजव्याची एवढी मोठी की तपकिरी कडा जेमतेम उरलेली. मुलाने पाहिलं आणि तो हादरला. डोक्यात काही झालं असेल अशी भीती त्याच्या मनात आली. त्या दिवशी त्याने लोकल सोडली.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मावशीला हात वर करायला लावले, हसायला लावलं, चालायला लावलं. सगळं ठीक होतं. मग त्यांनी विचारलं, “काल काय काय केलंत?”

मावशीने दिवस सांगितला. छाटणीपाशी आली तेव्हा डॉक्टरांनी तिला थांबवलं. “कसलं झाड?”

मुलगा घरी जाऊन पान आणि फूल घेऊन आला. डॉक्टरांनी ते हातात न घेता कागदावर ठेवून पाहिलं. “हे धोतऱ्याच्या कुळातलं आहे,” ते म्हणाले. “आजी, डोळे तपासायच्या आधी बाहुली मोठी करायला थेंब घालतात ना, त्यातल्या एका औषधाचं द्रव्य याच झाडांच्या कुळात असतं. ॲट्रोपीन. ते तुमच्या बोटांवरून डोळ्यात गेलं. काही दिवसांत उतरेल. तोवर उन्हात जाऊ नका.”

मावशीने सुटकेचा श्वास सोडला. पण डॉक्टरांचं बोलणं संपलं नव्हतं. “डोळ्यात गेलं म्हणून एवढ्यावर निभावलं. पोटात गेलं तर तोंड कोरडं पडतं, अंग तापतं, चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं, माणूस बरळायला लागतं, नसलेलं दिसायला लागतं. लहान मूल दगावूही शकतं. पान, फूल, बी, मूळ, सगळ्यात विष आहे. घरात कुणी लहान आहे का?”

“नाही,” मुलगा म्हणाला.

“आणि अजून कुणाकडे आहे हे झाड?”

मावशी बोटं मोजू लागली. दोन्ही हातांची बोटं संपली तशी ती थांबली. तिचा चेहरा उतरला.

घरी आल्यावर मुलाने कोयता काढला. मावशीने त्याला अडवलं. “हे तोडून काय होणार? बाकीची उभी आहेत ना.” मग म्हणाली, “आपल्या दाराशी कण्हेर आहे. तीही विषारीच. पण कण्हेर तोंडात घालू नये हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक असतं. याचं कुणाला ठाऊक नाही. तेवढाच फरक आहे.”

डोळा उतरायला चार-पाच दिवस लागले. तो नीट झाल्यावर मावशी निघाली. बरोबर शेजारची आठवीतली मुलगी होती. ती वहीत नावं लिहून घेणार होती.

पहिल्या घरी झाड केव्हाच मेलं होतं. दुसऱ्या घरी ते जोरात होतं आणि तिथून चौघांकडे गेलं होतं. त्या चौघांपैकी दोघांनी पुढे दिलं होतं. एकीकडे तान्ह्या बाळाचा पाळणा झाडाखाली बांधला होता. गळून पडलेलं फूल दुपट्यावर होतं. मावशीने आधी फूल उचललं, मग हात धुतले, मग बोलायला सुरुवात केली. त्या घरच्या सुनेने ऐकता ऐकताच पाळण्याची दोरी सोडली.

नवीन पनवेलच्या एका सोसायटीत वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक राहत होते. त्यांच्याकडे फांदी तिसऱ्या हाताने पोचली होती. ती फांदी मूळची मावशीकडची हे कळल्यावर त्यांनी तिला आदराने बसवलं आणि ते भरभरून बोलू लागले.

“याचं शास्त्रीय नाव ब्रुगमान्सिया. आधी याला धोतऱ्यातच धरत. १८०५ साली वेगळं काढलं. धोतऱ्याचं फूल वर बघतं, याचं खाली. धोतऱ्याला काटेरी बोंड येतं. तुमच्या झाडाला कधी फळ धरलेलं पाहिलंत?”

मावशीने पाहिलं नव्हतं.

“धरायचंही नाही. याला आपला स्वतःचा पराग चालत नाही. दुसऱ्या वाणाचं झाड जवळ हवं. आणि तुम्ही वाटलेली सगळी झाडं, आजी, म्हणजे एकच झाड आहे. फांदीने केलेलं रोप वेगळं नसतं, तेच असतं.” मग त्यांचा आवाज जरा खाली आला. “याचं मूळ घर दक्षिण अमेरिका. सात जाती आहेत. त्या साती जाती रानातून नामशेष झाल्या, असं २०१४ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत नोंदलं गेलं. याच्या बिया खाऊन पसरवणारी जनावरं फार पूर्वीच संपली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आज हे झाड जगात आहे ते माणसांनी एकमेकांना फांद्या दिल्या म्हणून.”

मुलगी वहीतलं लिहायचं सोडून ऐकत राहिली. मावशीही ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, “सर, हे विषारी आहे हे तुम्हाला माहीत होतं?”

“म्हणजे काय? वर्गात दर वर्षी शिकवायचो.”

“तुम्ही कुणाला फांदी दिलीत?”

“दोघांना.”

“त्यांना सांगितलंत?”

सर गप्प राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “त्यांना ठाऊक असेल असं धरून चाललो.” मग ते उठले, खुंटीवरची पिशवी घेतली आणि म्हणाले, “चला, ती दोन घरं मी दाखवतो.”

खांदा कॉलनीत तळमजल्यावर एक गृहस्थ राहत. खिडकीखालच्या पट्टीत त्यांनी झाड छान जोपासलं होतं. मावशीला दारात पाहून त्यांना वाटलं, ही काही मागायला आली आहे. “फांदी तुमच्याकडून आली हे खरं,” ते म्हणाले, “पण दिली ती दिली. आता झाड माझं आहे. मी ते काढणार नाही.”

“काढायला नाही सांगत,” मावशी म्हणाली. “तिच्याबरोबरचं बोलणं माझ्याकडे राहून गेलं होतं. ते द्यायला आले.”

त्यांनी दार अर्धं लोटून ऐकलं, “बरं, बरं,” म्हणाले आणि दार लावून घेतलं. मुलीने वहीत त्यांच्या नावापुढे काय लिहायचं ते विचारलं. मावशी म्हणाली, “सांगितलं, असं लिही. ऐकलं, असं लिहू नकोस.”

वहीतलं शेवटचं घर गाढीपलीकडे, करंजाड्याच्या बाजूला होतं. तिथे पोचेपर्यंत महाशिवरात्र उजाडली. रस्त्यात विरूपाक्षाच्या देवळाकडे जाणाऱ्या बायकांची रीघ लागली होती. ते घर मोठं होतं, नांदतं होतं. अंगणात तुळशीमागे लहानशी घुमटी, घुमटीत पिंड. घरचे म्हातारे आप्पा सोवळं नेसून अभिषेक करत होते. पिंडीवर बेल होता आणि बेलावर ती लांब पांढरी फुलं. पिंडीवरून उतरलेलं दूध-पाणी ताम्हनात जमा होत होतं, आणि ताम्हनातही तीन फुलं भिजत पडली होती. समोर पाच-सात नातवंडं ओळीने बसली होती, उजवा हात पुढे करून. आप्पांनी पळी ताम्हनात बुडवली.

मावशीने चपला काढल्या नाहीत. तशीच अंगणात धावली आणि आप्पांचा हात धरला.

सगळे थबकले. सोवळ्यातल्या माणसाला शिवणं, तेही आजच्या दिवशी. आप्पांच्या कपाळाची शीर उठली. “बाई, हे काय चालवलंय?”

मावशीला धाप लागली होती. “ते फूल विषारी आहे. तीर्थात उतरलंय.”

“महादेवाला धोतरा चालतो,” आप्पा म्हणाले. “आमच्या बापजाद्यांपासून वाहतात.”

“महादेवाला चालतो,” मावशी म्हणाली. “त्याने हलाहल पचवलंय, आप्पा. ही पोरं आहेत.”

आप्पांनी नातवंडांकडे पाहिलं. सगळ्यात धाकटीने अजूनही हात तसाच पुढे धरला होता. आप्पांनी पळी खाली ठेवली. ताम्हन उचललं, कुंपणाच्या कडेला खड्डा करून त्यात रिकामं केलं, वर माती लोटली. घुमटीपाशी येऊन पिंडीवरची फुलं मात्र त्यांनी तशीच ठेवली. ताम्हन घासलं, हात धुतले, पुन्हा अंघोळ केली. विहिरीचं ताजं पाणी वेगळ्या पंचपात्रात घेतलं, तुळशीचं पान घातलं आणि तेच तीर्थ म्हणून मुलांना दिलं. शेवटची पळी त्यांनी मावशीच्या हातावर घातली.

“आमच्या सुनेला हे कुणी सांगितलं नव्हतं,” ते म्हणाले.

“तिला देणारीलाही नव्हतं,” मावशी म्हणाली. “मीच सांगितलं नव्हतं. मला ठाऊक नव्हतं.”

दिवाळीत भाचा आला तेव्हा हे सगळं त्याला कळलं. तो खजील झाला. “माळीबाबांनी मला तीनदा सांगितलं होतं गं. हात धुवायचे, डोळ्याला लावायचे नाहीत, तोंडात काही घालायचं नाही. तीनदा.”

मावशी त्याच्यावर रागावली नाही. तिने फक्त विचारलं, “तुझ्याकडून म्हणून घेतलं होतं का?”

“नाही.”

मावशीला आठवलं, तिच्या आईने तिच्याकडून रामरक्षा म्हणून घेतली होती. नुसती ऐकवली नव्हती. आई एक ओळ म्हणे, मग गप्प बसे, आणि मावशीच्या तोंडून ती ओळ नीट आल्याशिवाय पुढे जात नसे. त्या गोष्टीला साठ वर्षं झाली होती आणि रामरक्षेतला एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता.

त्या दिवसापासून मावशीने रीत बदलली. फांदी मागायला कुणी आलं की ती आधी पाच बोटं धरायची. झाडाला हात लावला की साबणाने धुवायचा, तोवर डोळ्याला न्यायचा नाही. पान, फूल, बी, मूळ काही तोंडात घालायचं नाही. पोरांच्या खेळण्याच्या जागी लावायचं नाही. देवाला वाहिलं तरी तीर्थात, नैवेद्यात येऊ द्यायचं नाही. आणि चुकून कुणाच्या पोटात गेलंच, तर घरगुती उपाय करत न बसता दवाखाना गाठायचा, झाडाचं पान बरोबर न्यायचं. एवढं सांगून ती म्हणायची, “आता तू म्हण.” घेणाऱ्याने पाची बोटं बिनचूक म्हटली की मग फांदी. आणि फांदी देताना शेवटचं: “पुढे देशील तेव्हा तूही असंच म्हणून घे.”

काही जण कंटाळले. एक बाई फांदी न घेताच गेली. मावशीने तिला जाऊ दिलं. मागितलेली फांदी नाकारू नये, हे आईचं सांगणं ती अजूनही पाळत होती. फक्त फांदी म्हणजे काय काय, हे आता तिला पुरतं कळलं होतं.

फांदी शंभर हातांतून गेली तरी शंभरावं झाड पहिल्याइतकंच पुरं असतं. सांगणं तसं जात नाही. ते प्रत्येक हातात थोडं सांडतं, आणि सांडलेलं कुणाला दिसतही नाही, कारण फांदी तर धडधाकट पोचलेली असते. शिकलेला माणूस समोरच्याला ठाऊक असेल असं धरतो, न शिकलेल्याला आपल्याला ठाऊक नाही हेच ठाऊक नसतं, आणि घाईत असलेला पुढे केव्हातरी सांगू म्हणतो. तिघेही भले असतात. देण्याचं काम फांदी समोरच्याच्या हातात ठेवली म्हणून पुरं होत नसतं. आपण सांगितलेलं त्याच्या तोंडून परत ऐकू आलं, म्हणजे ते पुरं होतं.

पुढे जुन्या घराच्या जागी इमारत बांधायचं ठरलं. विहीर बुजली, आंबा गेला, परसातलं झाडही गेलं. त्या धांदलीत एक फांदी काढून ठेवावी हे मावशीच्या मनात होतं, पण ज्या आठवड्यात तोडणी झाली त्या आठवड्यात ती तापाने पडून होती. दोन वर्षांनी ती नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायला गेली. गॅलरी होती, सकाळचं ऊन येत होतं. कुंड्या रिकाम्या होत्या.

एक दिवस खांदा कॉलनीतले ते गृहस्थ दारात उभे राहिले. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली फांदी होती, शेंड्याला दुभंगलेली. मावशीने त्यांना लगेच ओळखलं. पाणी दिलं. फांदीसाठी हात पुढे केला.

गृहस्थांनी फांदी मागे घेतली. “मावशी, आधी म्हणून दाखवा.”

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. ते गंभीर होते. मग ती सावरून बसली, पाच बोटं धरली आणि एकेक करून सगळं म्हटलं.

“एक राहिलं,” गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी दुसऱ्या हाताचा अंगठा धरला. “छाटलेल्या फांद्या कचऱ्याच्या ढिगावर टाकायच्या नाहीत. गुरं तिथे चरतात. मी टाकल्या होत्या. एका वासराने खाल्ल्या. दोन दिवस भेलकांडत होतं बिचारं, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वाचवलं. तेव्हा तुम्ही दारात उभं राहून काय सांगत होतात ते सगळं आठवलं. आता मी सहा म्हणून घेतो. माझ्याकडून नेलेले पुढे सहाच म्हणून घेतात. छाटलेलं खड्ड्यात पुरायचं. खड्ड्याला जागा नसेल तर छाटायचंच नाही, वर्षभर थांबायचं.”

“इथे चौथ्या मजल्यावर खड्डा कुठून आणू?” मावशीने विचारलं.

“छाटणीच्या वेळी मला बोलवा. मी पोत्यात भरून नेईन.”

मावशीने सहावं बोट धरून ते म्हटलं. पहिल्यांदा “खड्ड्यात पुरायचं” एवढंच म्हटलं; गृहस्थांनी गुरांचं पुन्हा म्हणायला लावलं, तेही तिने म्हटलं. मग त्यांनी फांदी दिली, आणि वाळू कुठल्या दुकानात चांगली मिळते ते दोघं बोलत बसले.